पांढऱ्या अस्वलाचा शिल्पकार : फ्रांस्वा पोंपों

पॅरिस शहरांत सीन नदीच्या कांठीं ओर्से नांवाचें एक मोठें संग्रहालय आहे. पूर्वीं त्या इमारतींत आगगाडीचें स्टेशन होतें. तेथें येणाऱ्या प्रेक्षकांपुढून एक पांढरें अस्वल शांतपणें चाललें आहे. तें दगडाचें आहे. त्याची लांबी सुमारें २५१ सेंटिमीटर आणि उंची सुमारें १६३ सेंटिमीटर आहे. त्याच्या अंगावर एकहि केंस कोरलेला नाहीं. डोळे नांवापुरते, कान इवलेसे, मान लांब, आणि पाठ नदींतील गोट्यासारखी गुळगुळीत. असें असूनहि पाहणाऱ्यास क्षणभर वाटतें कीं, हें जनावर आतां आणखी एक पाऊल टाकील व भिंतींतून बाहेर निघून जाईल. त्याच्याकडे पाहून लहानांस हंसूं येतें आणि मोठे कांहीं वेळ बोलावयाचे थांबतात.

हें अस्वल प्रथम १९२२ सालीं लोकांनीं पाहिलें. तें घडविणारा शिल्पकार त्या वेळीं ६७ वर्षांचा होता. त्याचें नांव फ्रांस्वा पोंपों. त्यापूर्वीं पॅरिसमध्यें तो ४७ वर्षें छिन्नी-हातोडा चालवीत होता. परंतु त्याचें नांव शहरांत थोड्यांनाच ठाऊक होतें. विद्यार्थिमित्रहो, ह्या ४७ वर्षांचें त्यानें काय केलें, आणि तीं वर्षें फुकट गेलीं काय, हा प्रश्न मनांत धरून आम्ही त्याचें चरित्र थोडक्यांत सांगणार आहों.

आरंभींच एक गंमत सांगून ठेवतों. फ्रेंच भाषेंत ‘पोंपों’ म्हणजे गोंडा. टोपीला अथवा पडद्याला शोभेसाठीं लावतात तो. ज्याच्या आडनांवांतच गोंडा, त्यानें आपलें आयुष्य मूर्तीवरील गोंडे एकेक करून उतरविण्यांत घालविलें. ह्या वाक्याचा अर्थ पुढें वाचतां वाचतां आपोआप उलगडेल.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांत सोलिय नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें ९ मे १८५५ रोजीं पोंपों जन्मला. बाप सुतार. घरांत रंधा, करवत व वाकस ह्यांचा आवाज सकाळपासून चालावयाचा. मुलानेंहि प्रथम बापाच्याच हाताखालीं लांकूड तासावयास आरंभ केला. लांकूडकामांत एक गुण अंगीं लागतो. जादा निघालेला तुकडा पुन्हां चिकटवितां येत नाहीं. म्हणून हात उचलण्यापूर्वीं डोळ्यांनीं दोनदां मोजावें लागतें. हा धडा त्या मुलास कोणत्याहि पुस्तकाआधीं मिळाला.

मुलाच्या हातांत कसब आहे हें गांवच्या धर्मगुरूच्या लक्षांत आलें. त्यांच्या साहाय्यामुळें वयाच्या पंधराव्या वर्षीं त्यास दिजों शहरीं जातां आलें. तेथें तो थडग्यांचे दगड घडविणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवार राहिला. दिवसा दगड फोडावे, अक्षरें कोरावीं, आणि रात्रीं कलाशाळेच्या वर्गांत जाऊन रेखाटन व मूर्तिकाम शिकावें, असा त्याचा क्रम होता. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे दिवसा कांहीं काम करून शिकत आहेत त्यांना ह्या क्रमाचें वर्णन करून सांगावयास नको.

१८७५ सालीं, विसाव्या वर्षीं, तो पॅरिसला आला. तेथेंहि पोटासाठीं धंदा तोच, थडग्यांचा. आणि संध्याकाळीं शाळा. गरीब कारागिरांच्या मुलांस शिकतां यावें अशी एक सरकारी कलाशाळा तेथें होती. लोक तिला ‘लहान शाळा’ म्हणत. तींत रुइयार नांवाचे शिक्षक होते. जनावरांच्या शरीररचनेचें ज्ञान व त्यांचीं शिल्पें ह्या दोहोंत ते निष्णात होते. त्यांनीं पोंपोंला पॅरिसच्या वनस्पतिउद्यानांतील प्राणिसंग्रहाची वाट दाखविली. हीच वाट पुढें त्याच्या आयुष्याची वाट ठरली. परंतु तें कळावयास आणखी तीस वर्षें जावयाचीं होतीं.

योगायोग असा कीं, ज्या सालीं हा तरुण पॅरिसमध्यें आला त्याच सालीं फ्रान्सचा थोर पशुशिल्पकार बारी हा मरण पावला. बारीचीं कांशाचीं जनावरें फार प्रसिद्ध होतीं. त्याचा वाघ सुसरीला फाडून खातो, त्याचा सिंह सापाला पंजाखालीं चिरडतो. प्रत्येक स्नायु ताणलेला, आयाळीची प्रत्येक बट वेगळी. पशु म्हटला कीं तो झुंजतांना दाखवावा आणि त्याचा केंस न् केंस कोरावा, असा प्रघातच त्यामुळें पडून गेला होता. ह्या प्रघाताच्या उलट दिशेनें चालावयाचें काम पोंपोंच्या नशिबीं लिहिलेलें होतें.

पॅरिसमध्यें त्यास जें मुख्य काम मिळालें त्याची माहिती येथें दिली पाहिजे; कारण पुष्कळांचा असा समज असतो कीं, मोठा शिल्पकार स्वतःच दगडावर छिन्नी चालवितो. वस्तुतः त्या काळीं नामांकित शिल्पकार बहुधा मातींत मूर्ति घडवीत. तिच्यावरून चुन्याच्या भुकटीसारख्या प्लास्टरची प्रतिकृति काढीत, आणि ती प्रतिकृति संगमरवरांत उतरविण्याचें काम पगारी कारागिरांवर सोंपवीत. ह्या कारागिरानें मूर्तीवर ठिकठिकाणीं खुणा कराव्या, मापकाठीनें प्रत्येक खुणेची खोली घ्यावी, तितकाच खोल दगड खोदावा, आणि होतां होतां मातींतला चेहरा दगडांत आणावा. काम अतिशय जोखमीचें. एक घाव अधिक पडला तर महिन्यांची मेहनत वायां. मूर्ति पुरी झाली कीं तिच्या पायाशीं नांव कोरावयाचें तें मात्र मालकाचें.

ह्या कामांत पोंपोंचा हात असा बसला कीं, मोठमोठे शिल्पकार त्यास बोलावूं लागले. १८९० च्या सुमारास तो जगप्रसिद्ध ओग्युस्त रोदाँ ह्याच्या कारखान्यांत आला, आणि १८९३ पर्यंत तेथील कारागिरांचा प्रमुख झाला. रोदाँची शिष्या व स्वतः श्रेष्ठ शिल्पकार असलेली कामिय क्लोदेल हिच्यासाठींहि त्यानें दगड घडविले. रोदाँच्या मूर्तींत स्नायूंच्या लाटा उसळत असतात, पृष्ठभाग खडबडीत असतो, उजेड त्यावर थरथरतो. तें सारें दगडांत आणतां आणतां पोंपोंनें दोन गोष्टी मनांत नोंदून ठेविल्या. पहिली ही कीं, मूर्तीचें जीवित तिच्या हालचालींत आहे. रोदाँपासून घेतलेलें हें ऋण त्यानें कधीं नाकारलें नाहीं. दुसरी ही कीं, आपणांस स्वतः कांहीं सांगावयाचें झाल्यास तें ह्या थरथरीच्या भाषेंत सांगतां येणार नाहीं. गुरूपासून काय घ्यावें हें पुष्कळांना कळतें. काय घेऊं नये हें कळणारे थोडे.

स्वतःचें नांव व्हावें अशी इच्छा त्यास नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. १८८८ सालच्या प्रदर्शनांत त्यानें ‘कोझेत’ नांवाची मूर्ति मांडिली. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ ह्या कादंबरींतील ही पोरकी मुलगी. परक्या घरीं राबणारी, स्वतःच्या वजनाला न पेलणारी पाण्याची बादली ओढीत नेणारी. ह्या विषयावर पोंपोंनें फार जीव लाविला होता. सरकार ती मूर्ति विकत घेईल अशी त्यास मोठी आशा होती. कारण तशी खरेदी झाली म्हणजे तरुण शिल्पकाराचा मार्ग मोकळा होई. सरकारनें ती घेतली नाहीं. त्या वेळीं तो ३३ वर्षांचा होता. घरीं पत्नी बर्त. १८८२ सालीं त्यांचा विवाह झाला होता. दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां दुसऱ्यांचे दगड घडवावयास गेला असेल, ह्याखेरीज दुसरा मार्गच नव्हता. ह्या निराशेचा त्यानें कोठें गवगवा केला नाहीं. पण माणसांच्या मूर्ती करण्यांतून त्याचें मन हळूहळू निघूं लागलें.

१८९६ पासून तो रने द सॅं-मार्सो ह्या शिल्पकाराकडे काम करूं लागला. ह्या मालकाचें नॉर्मंडी प्रांतांत क्वी-सॅं-फियाक्र नांवाच्या खेड्यांत घर होतें, आणि उन्हाळ्यांत कारागिरासहि तेथें जावें लागे. कोंबड्या, बदकें, डुकरें, गाई ह्यांनीं भरलेलें तें खेडें. सुताराचा मुलगा शहरांत वीस वर्षें काढून पुन्हां अंगणांत आला. कामाचे तास संपले कीं तो ह्या प्राण्यांच्या मागें हिंडे. त्यानें एक लहानशी लांकडी फळी पट्ट्यानें गळ्यांत अडकविली. तीवर मातीचा गोळा ठेवावा आणि कोंबडी चालूं लागली कीं तिच्यामागून चालत चालत मातींत तिला धरावें, असा त्याचा उद्योग चाले. मान खालीं घालून, गळ्यांत फळी अडकवून, डुकरामागें जपून पावलें टाकणारा हा लहानखुरा, दाढीवाला गृहस्थ पाहून शेजारीपाजारी काय म्हणत असतील ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. हींच सोपी युक्ति तो पुढें पॅरिसच्या प्राणिसंग्रहांतहि वापरीत असे.

तेथें एके दिवशीं त्यास दूरवर एक पाळीव हंस दिसला. उजेड हंसाच्या पाठीमागें होता. त्यामुळें पिसें दिसेनात, चोंचीचा रंग दिसेना, डोळा दिसेना. दिसली ती केवळ एक काळी आकृति आणि तिची डौलदार, किंचित् गर्विष्ठ चाल. गोष्ट एवढीच. पण पोंपोंला जें पाहिजे होतें तें त्यास त्यांत सांपडलें. पीस एकहि न दिसतां हा हंसच आहे हें मला इतक्या लांबून कसें कळलें, असें त्यानें स्वतःस विचारलें. चालीवरून कळलें, आकाराच्या बाह्यरेषेवरून कळलें. तर मग पिसें हीं ओळखीची खूण नव्हेत, तीं ओळखीवर पडलेलें पांघरूण आहेत. हालचाल आकाराला घडविते, आणि बारकावे तिला झांकतात, हा विचार त्या दिवसापासून त्याच्या सर्व कामाचा पाया झाला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. गुळगुळीत मूर्ति करणें सोपें, पिसें कोरण्याचा त्रास तरी वांचला, असें कोणास वाटेल. पोंपोंची रीति उलट होती. तो प्रथम जनावर सर्व तपशिलांसह घडवी. केंस, पिसें, सुरकुत्या, शिरा, कांहींहि सोडीत नसे. नंतर तो तें कमी करूं लागे. ही सुरकुती गेली तर जनावर तेंच राहतें काय? राहतें, मग ती जावी. ही शीर गेली तर? चाल बिघडते; मग ती राहावी. असें महिनेच्या महिने चाले. एका मूर्तीकडे तो वर्षांनंतरहि परत येई आणि आणखी कांहीं उतरवी. जें त्यास माहीत नव्हतें तें त्यानें गाळलें नाहीं. जें पूर्णपणें माहीत होतें तेंच गाळलें. दोहोंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. गृहपाठ न केलेल्या मुलाची कोरी वही आणि गणित सोडवून झाल्यावर पुसून स्वच्छ केलेली पाटी दिसावयास सारखींच दिसतात. परंतु पुन्हां मांडावयास सांगतांच दोघांतील फरक उघडा पडतो.

आम्ही निबंध तपासावयास बसतों तेव्हां आम्हांस पुष्कळ वेळां पोंपोंची आठवण होते. विद्यार्थी ‘सुंदर, रमणीय, मनोहर असें तें दृश्य’ लिहितो, आणि तीं तिन्ही विशेषणें काढल्यावर दृश्य कांहींच उरत नाहीं. दुसरा एखादा लिहितो कीं, पावसानें भिजलेली म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी होती व मोटारीला वाट देत नव्हती. त्यांत विशेषण एकच, पण म्हैस डोळ्यांपुढून हालत नाहीं. दुसऱ्याला अधिक गुण कां मिळाले असें पहिला विचारतो. ह्या लेखांत त्याचें उत्तर त्यास मिळावें.

आतां त्याच्या प्राण्यांकडे वळूं. त्यांच्या मेळ्यांत कोंबडी आहे, झोंपलेला कोंबडा आहे, डुक्कर आहे, घुबड आहे, जबडा वासलेला पाणघोडा आहे, काळा चित्ता आहे, पेलिकन पक्षी आहे. त्यांना पाहून ओंठांवर हसूं येतें, ह्याचें कारण पोंपों त्यांची थट्टा करतो हें नव्हे. व्यंगचित्रकार डुकराला माणसाचे कपडे चढवितो आणि मग आपण माणसाला हंसतों. पोंपोंचें डुक्कर केवळ डुक्कर आहे; स्वतःच्या गोलाईंत पूर्ण संतुष्ट. त्याचें घुबड न्यायाधीशासारखें ताठ बसलें आहे, पण न्याय कोणाचा करावयाचा ह्याची त्यास मुळींच फिकीर नाहीं. प्रत्येक प्राणी आपापल्या कामांत इतका गढलेला आहे कीं, कोणी पाहत आहे ह्याची त्याला दखलच नाहीं. खेळांत रमलेल्या लहान मुलाला पाहून आईला जें हसूं येतें त्याच जातीचें हें हसूं आहे. त्यांत प्रेम आहे आणि थोडा आदरहि आहे. बारीच्या पशूंनीं भीति दाखविली. पोंपोंच्या पशूंनीं शेजार दाखविला.

ह्यांतील पुष्कळ मूर्ती कांशांत ओतलेल्या आहेत. कांसें म्हणजे तांबें व कथील ह्यांचा मिश्रधातु. प्रथम मातीच्या मूर्तीवरून सांचा घेतात. सांच्याच्या आंतून मेणाचा पातळ थर देतात आणि पोटांत अग्नि सोसणाऱ्या मातीचा गाभा भरतात. मेणाच्या त्या मूर्तीवर बाहेरूनहि तशाच मातीचा जाड लेप चढवून ती भट्टींत तापवितात. मेण वितळून वाहून जातें व दोन मातींच्या मध्यें पोकळी राहते. तींत वितळलेलें कांसें ओततात. निवाल्यावर माती फोडली कीं धातूची मूर्ति बाहेर येते. आमच्या देशांतील मूर्तिकारहि ही रीति फार प्राचीन काळापासून जाणतात. संस्कृत ग्रंथांत तिला मधूच्छिष्ट विधान म्हटलें आहे. पोंपोंच्या मूर्ती एब्रार, वाल्सुआनी अशा पॅरिसच्या नामांकित ओतशाळांत ओतल्या जात. परंतु ओतून आलेली मूर्ति तो तशीच विकावयास देत नसे. कानशीनें घासणें, झिलई करणें, आम्लें व उष्णता ह्यांच्या योगानें पृष्ठभागावर रंगाची छटा चढविणें, ह्यांवर त्याची स्वतःची कडक नजर असे. गुळगुळीत मूर्तीवर एक ओरखडा राहिला तरी तो लपत नाहीं. पिसांचें पांघरूण ज्यानें काढून टाकलें, त्याला चूक झांकावयास जागाच उरत नाहीं.

इतकें होऊनहि लौकिक आला नाहीं. लहान लहान मूर्ती कोणी कोणी घेत, जाणकार वाखाणीत, पण पोट मालकाच्या कामावर चाले. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें. १९१५ सालीं सॅं-मार्सो वारला, आणि जवळजवळ वीस वर्षांचा आधार तुटला. पोंपों तेव्हां साठीचा होता. युद्धाच्या दिवसांत मूर्ती कोण घेणार? मोंपार्नास भागांतील आपल्या साध्या कारखान्यांत तो घडवीत राहिला. १९२१ सालीं बर्त वारली. जवळजवळ चाळीस वर्षें तिनें त्याच्या संसाराचा भार उचलला होता. कोझेतच्या वेळची निराशा तिनें पाहिली, युद्धांतली ओढगस्त पाहिली. आणि जो दिवस दोघांनीं मिळून पाहावयाचा तो अवघा एक वर्ष दूर असतांना ती गेली. हें वाक्य लिहितांना आमची लेखणी जरा थांबली. उशिरां येणाऱ्या यशाची स्तुति करतांना, तें कोणाकोणाला पाहावयास मिळालें नाहीं ह्याचाहि हिशेब मांडला पाहिजे.

पुढच्या वर्षीं, १९२२ च्या शरद्-ऋतूंतील प्रदर्शनांत, त्यानें आपलें पांढरें अस्वल मांडलें. तें प्लास्टरचें होतें. प्राणिसंग्रहांतील अस्वलांपुढें गळ्यांत फळी घेऊन तो कित्येक दिवस उभा राहिला होता. अस्वलाची दाट लोकर त्याचें खरें अंग झांकून टाकते. पोंपोंनें ती लोकर काढली आणि आंतली चाल बाहेर आणली. टेबलावर मावणाऱ्या कोंबड्या घडविणाऱ्या ह्या वृद्धानें अडीच मीटर लांबीचें जनावर आणून उभें करावें, ह्याचेंच लोकांना नवल वाटलें. आणि जवळ गेल्यावर त्याच्या साधेपणानें त्यांचें बोलणें बंद झालें. ज्या वयांत लोक नोकरींतून निवृत्त होऊन बसतात त्या वयांत फ्रांस्वा पोंपों प्रसिद्ध झाला.

नंतरचीं अकरा वर्षें त्यानें मुळींच विश्रांति घेतली नाहीं. मागणी वाढली, अस्वल संगमरवरांत, दगडांत व कांशांत लहानमोठ्या आकारांत झालें. १९२५ सालीं फ्रेंच सरकारनें त्यास लेजियों दोनर हा बहुमान दिला. तरी राहणें त्याच जागेंत, कपडे तेच. सोबतीला निकोला नांवाचा एक पारवा असे. त्याचीहि मूर्ति त्यानें केली आहे. सांबरासारखें भव्य शिंगाळें हरिण, रानडुक्कर, वळू अशीं मोठीं शिल्पें त्यानें ह्याच काळांत घडविलीं. ६ मे १९३३ रोजीं, ७८ वा वाढदिवस तीन दिवसांवर आला असतां, त्याचें देहावसान झालें. जन्मगांवीं सोलिय येथें तो पत्नीजवळ पुरला गेला. ज्यानें तरुणपणीं इतरांचीं थडगीं घडविलीं त्याच्या स्वतःच्या थडग्यावर त्याच्याच हातचा कोंदोर पक्षी पंख मिटून बसला आहे.

आपल्या कारखान्यांतील सुमारें ३०० शिल्पें त्यानें राष्ट्राला देऊन टाकिलीं. तीं प्रथम पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत गेलीं. पुढें त्यांस दिजोंच्या कलासंग्रहालयांत कायमची जागा मिळाली. म्हणजे ज्या शहरांत तो पंधराव्या वर्षीं दगड फोडावयास आला त्याच शहरीं त्याचें सर्व आयुष्य परत आलें. त्याच शहराच्या एका बागेंत १९३७ सालीं त्याच्या अस्वलाची मोठी दगडी प्रतिकृति बसविण्यांत आली. ती घडविली त्याचा शिष्य आंरी मार्तिने ह्यानें. दुसऱ्यांच्या मूर्ती दगडांत उतरविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याची मूर्ति आतां दुसऱ्या हातानें प्रेमानें दगडांत उतरविली.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. तीं ४७ वर्षें फुकट गेलीं काय? पांढऱ्या अस्वलाकडे पाहिलें कीं उत्तर मिळतें. त्याच्या पाठीवरील ती एक अखंड रेषा ओढावयास असा हात लागतो कीं, ज्यानें हजारों वेळां खुणेइतकाच, केसभरहि अधिक नाहीं, दगड काढला आहे. रोदाँच्या मूर्तींवर झिजलेला तोच हात येथें आहे. थडग्याचीं अक्षरें कोरणारा तोच, आणि बापाच्या दुकानांत लांकूड दोनदां मोजणारा तोच. परक्याच्या नांवानें केलेल्या कामांतलें नांव मालकाकडे गेलें. कसब मात्र करणाऱ्याच्याच अंगीं राहिलें. तें त्याच्याजवळून कोणाला घेतां आलें नाहीं.

हा लेख जे पालक वाचतील त्यांना आमची एक विनंति आहे. वार्षिक परीक्षेचा निकाल हातीं पडला कीं पुष्कळ घरांत वातावरण तापतें. अमक्याचा मुलगा सोळाव्या वर्षीं मॅट्रिक झाला आणि आमचा अजून येथेंच, असें बोलणें मुलाच्या कानावर जातें. अशा वेळीं ह्या सुताराच्या मुलाची आठवण करावी. प्रत्येक उशीर हा आळसाचा नसतो. कांहीं उशीर हे कामांत बुडालेल्या माणसाचे असतात. मुलगा थांबला आहे कीं चालत आहे एवढें पाहावें. चालत असेल तर त्यास चालूं द्यावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगावयाचें तें थोडेंच आहे. पुढच्या सुट्टींत गांवीं जाल तेव्हां अंगणांतील कोंबडीच्या मागून एकदां हळूच चालून पहा. हातांत मातीचा गोळा घ्या. प्रथम तिचें पीस न् पीस करा, चांगलें करा, कंटाळा येईपर्यंत करा. मग एकेक काढूं लागा, आणि कोंबडी केव्हां नाहींशी होते तें पहा. ती नाहींशी होण्याच्या एक पाऊल अलीकडे जेथें तुम्ही थांबाल, तेथें पोंपों तुमची वाट पाहत उभा असेल.